थेंबाचं माप

‘व्हिटॅमिनच तर आहे, त्याने काय होतंय?’ असं म्हणून मुलाच्या तोंडात औषध सोडणारी माणसं बेफिकीर नसतात. मुलाची काळजी त्यांनाच सगळ्यांत जास्त असते. आजीला नातवाचं बाळसं उतरल्यासारखं वाटतं, शेजारच्या मुलाचे गाल वर आलेले दिसतात, कुणीतरी ‘आमच्याकडे हे लागू पडलं’ म्हणून एका बाटलीचं नाव सांगतं. दुकानात चिठ्ठी कुणी मागत नाही. मग पुढच्या लसीकरणाला बाळ येतं तेव्हा आईच्या पिशवीतून माझ्या टेबलावर एकेक बाटली निघायला लागते. ड जीवनसत्त्वाचे ड्रॉप्स, मल्टिव्हिटॅमिनचे ड्रॉप्स, कॅल्शियमचं सिरप आणि त्या सिरपमध्ये पुन्हा ड जीवनसत्त्व. सगळं काही ‘ताकदीचं’.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला यावर मनापासून बोलायचं आहे, कारण या विषयात दोन्ही बाजूंनी मुलांचं नुकसान होताना मी पाहते. ज्याला गरज आहे त्याला थेंब मिळत नाहीत आणि ज्याला नको आहेत त्याला तीन बाटल्यांतून मिळतात.

गरज खरी आहे, हे आधी सांगते. आईच्या दुधात बाळाला लागणारं जवळपास सगळं असतं, पण ड जीवनसत्त्व फार थोडं असतं. आपल्याकडे ऊन भरपूर असलं तरी तान्हं बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, टोपडं घातलेलं आणि घरातच असतं. म्हणून भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिलं वर्षभर प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व द्यायला सांगते. ‘सहा महिने फक्त आईचं दूध’ या नियमाला त्याने बाध येत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जीवनसत्त्वांचे थेंब चालतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला लोहाचे थेंबही लवकर सुरू करावे लागतात. आणि आई पूर्ण शाकाहारी असेल, दूधदुभतंही तिच्या पोटात फारसं जात नसेल, तर बी-१२ कडे लक्ष हवं. अशा आईचं अंगावर पिणारं बाळ सहा-आठ महिन्यांचं होईपर्यंत गुटगुटीत दिसतं, मग हसायचं थांबतं, बसायला लागलेलं पुन्हा लोळतं, बोटांच्या पेरांवर काळसर झाक येते, हातपाय थरथरतात. वेळेवर ओळखलं तर बी-१२ देऊन सावरता येतं. या मुलांच्या आईवडिलांना ‘औषधं नकोत, सगळं नैसर्गिक हवं’ असं कुणी सांगितलं, तर मला त्याचा राग येतो.

आता मापाकडे येते.

घरातल्या ड्रॉप्सच्या बाटलीतला ड्रॉपर एकदा उजेडात धरून बघा. नळीवर बारीक रेघा असतात. रोजच्या हाताळण्याने आणि धुण्याने त्या महिन्या-दोन महिन्यांत पुसट होतात. वरचा रबरी फुगा पूर्ण दाबून सोडला की काही ड्रॉपरमध्ये औषध शेवटच्या रेघेच्याही वर चढतं. रात्री बाळ रडतंय, दिवा मंद आहे, घरात द्यायला हात तीन, तेव्हा ‘एक ड्रॉपर’ म्हणजे नेमकं किती हे कोण पाहणार? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये नेमक्या याच कारणासाठी इशारा दिला होता. ड जीवनसत्त्वाच्या काही बाटल्यांसोबतच्या ड्रॉपरमध्ये ४०० युनिटांपेक्षा बरंच जास्त औषध मावत होतं आणि पालकांनी ते भरून दिलं तर बाळाला जादा डोस जाणार होता. औषध चांगलं होतं, बाटलीवरची माहितीही खरी होती, ड्रॉपर मात्र मोठा होता.

आपल्या दुकानांत अडचण आणखी वाढते. ड जीवनसत्त्वाचे ड्रॉप्स एका कंपनीचे १ मिलीत ४०० युनिटांचे असतात, तर दुसरीचे १ मिलीत ८०० युनिटांचे. पहिल्याचा डोस १ मिली, दुसऱ्याचा अर्धा. एक बाटली संपली, दुकानदाराने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी दिली आणि घरी माप तेच राहिलं, तर डोस दुप्पट झाला. चार दिवस असं झालं म्हणून बाळाला काही होत नाही, घाबरू नका. पण त्यात मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियमच्या सिरपमधलं ड जीवनसत्त्व मिळवलं आणि हे सगळं महिनोन्‌महिने चाललं, की हिशेब बदलतो. पहिल्या सहा महिन्यांत रोज १००० युनिटांच्या वर जाऊ नये असं मानतात.

मला सगळ्यांत जास्त भीती ५ मिलीच्या त्या छोट्या बाटलीची वाटते. तिच्यात ६०,००० युनिट असतात. ती मोठ्यांसाठी असते, किंवा मुडदूस झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दिवस ठरवून देतात. घरात आजोबांच्या गुडघ्यांसाठी आणलेली असते. दिसायला गोंडस, चवीला गोड, वर नाव ‘डी-थ्री’, म्हणजे बाळाच्या बाटलीवर असतं तेच. ती एक बाटली म्हणजे तान्ह्या बाळाचे १५० दिवसांचे डोस. आठवड्यातून एकदा घ्यायची बाटली रोज दिली गेल्याने मुलांना विषबाधा झाल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. फ्रान्समध्ये २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या औषध नियामक संस्थेला असाच इशारा द्यावा लागला. पालकांनी इंटरनेटवरून मागवलेल्या ‘पूरक आहारा’च्या बाटलीत एकेका थेंबात १०,००० युनिट होते. तान्ह्या बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढलं, मूत्रपिंडात साठलं. तिथल्या डॉक्टरांनी पालकांना सांगितलं, बाळाला औषध म्हणून परवानगी मिळालेलेच थेंब द्या, आहार म्हणून विकलेले देऊ नका.

ड जीवनसत्त्व जादा झाल्याची लक्षणं फसवी असतात. मूल दूध ओढत नाही, उलट्या करतं, शी कडक होते, तहान वाढते, लंगोट वारंवार ओला होतो, मूल मलूल पडतं. वजन वाढत नाही. आणि वजन वाढत नाही म्हणून घरचे आणखी एक टॉनिक आणतात! म्हणून अशा बाळाला घेऊन आलेल्या आईला मी सांगते, घरात आहेत तेवढ्या सगळ्या बाटल्या घेऊन या, आजोबांच्यासुद्धा.

थेंब कसे द्यावेत यालाही महत्त्व आहे. फ्रान्समध्येच डिसेंबर २०१६ मध्ये एक दहा दिवसांचं बाळ ड जीवनसत्त्वाचं औषध नळीने तोंडात दिल्यावर दगावलं. श्वास आणि हृदय बंद पडलं. ते औषध जानेवारीत बाजारातून थांबवण्यात आलं. डोस जास्त झाला होता असं नव्हे, घशात पिचकारी मारल्यासारखं औषध गेलं की तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. बाळाला आडवं करून, नाक दाबून, रडत असताना औषध ओतायची आपल्याकडे जी पद्धत आहे ती म्हणूनच सोडा. बाळाला अर्धवट बसतं धरा, नळी गालाच्या आतल्या बाजूला टेकवा, हळूहळू सोडा आणि त्याला गिळू द्या.

आपल्या आज्यांना माप कळत नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. बाळगुटी उगाळताना सहाणेवर मुरुडशेंगेचे वळसे किती, हळकुंडाचे किती, जायफळाचा एकच आणि तोही हलका, हे त्या मोजत. बाळाचं वय, पोट, ऋतू पाहून वळसा कमी-जास्त करत. पहिल्या सहा महिन्यांत गुटी देऊ नका असंच मी सांगते, ते मत बदललेलं नाही. पण हाताने उगाळलेल्या वस्तूचा धाक ज्या घरात होता, त्याच घरात छापील बाटलीतल्या औषधाचा धाक राहिला नाही, याचं मला वाईट वाटतं.

माप चुकलं की काय होतं याचं मोठं उदाहरण २००१ मधलं, आसामचं. आपल्याकडे अंधत्व टाळण्यासाठी १९७० पासून मुलांना अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले जातात. नवव्या महिन्यात १ मिली म्हणजे १ लाख युनिट, पुढे दर सहा महिन्यांनी २ मिली म्हणजे २ लाख, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस. हा कार्यक्रम चांगला आहे आणि आशाताईंनी बोलावलं की मूल न्यावं. आसामात २००१ च्या मोहिमेत नेहमीचा २ मिलीचा चमचा बदलून ५ मिलीचे पेले आले. मुलं आजारी पडली, काही दगावली. मृत्यू नेमके कशाने झाले यावर वाद झाला, पण २ मिली मोजायला ५ मिलीचं भांडं द्यायला नको होतं, यात वाद असायचं कारण नाही. अ जीवनसत्त्व एकदम जास्त गेलं की मूल उलट्या करतं आणि तान्ह्याची टाळू फुगते. सरकारी डोस चालू असताना अ जीवनसत्त्वाची वेगळी बाटली किंवा कॉड लिव्हर ऑइल स्वतःहून देऊ नये, ते एवढ्यासाठी.

लोहाबद्दल तर याहून कडक बोलावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. म्हणजे लोहाचं सिरप हवंच. अंगणवाडीतून मिळणारी बाटली ५० मिलीची असते, आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं आणि त्या १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह असतं. शी काळी होते, त्याने घाबरू नये. पण हाच हिशेब पूर्ण बाटलीचा करा, तर १००० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाने ती गोड बाटली तोंडाला लावली तर वजनाच्या दर किलोला १०० मिलिग्रॅम होतात आणि ६० च्या वर जीव धोक्यात येतो. आधी उलट्या, रक्ताचे जुलाब. मग काही तास मूल बरं वाटतं, खेळतंही, आणि घरचे निर्धास्त होतात. त्यानंतर ते एकाएकी खालावतं. लोहाचं औषध प्यायलेलं मूल बरं दिसत असलं तरी लगेच दवाखान्यात न्यायचं, बाटलीसकट. आणि एरवी बाटली फळीवर नको, कुलपात हवी.

टॉनिकची सगळ्यांत जास्त विक्री दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी होते. ‘काही खात नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या घरात मी आधी वजनाचा तक्ता उघडते. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं. पुढच्या पूर्ण वर्षात ते फक्त दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते, हा शरीराचा हिशेब आहे. तक्त्यावरची रेघ नीट चढत असेल तर मुलाला औषध लागत नाही. पुष्कळदा असं दिसतं की मूल दिवसाला लिटरभर दूध बाटलीने पितं आणि म्हणून भाकरीला तोंड लावत नाही. नुसत्या दुधावरच्या मुलाला लोह मिळत नाही, रक्त कमी होतं, त्याने भूक आणखी मरते. दूध निम्म्यावर आणा, बाटली सोडवा, वरणभातावर तूप आणि लिंबू, नाचणीचं सत्त्व, चालत असेल तर अंडं. पंधरा दिवस धीर धरा. भूक वाढवायचं म्हणून जे सिरप मिळतं त्यात पुष्कळदा सायप्रोहेप्टाडिन असतं, ते मुळात अ‍ॅलर्जीवरचं औषध. त्याने भूक वाढते खरी, पण मूल पेंगुळतं, आणि औषध थांबवलं की भूक पुन्हा होती तिथेच येते. व्हिटॅमिन समजून ते महिनोन्‌महिने देणारी घरं मी पाहते, तेव्हा बाटलीमागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवते.

शेवटी या पातळ औषधाच्या द्रवाबद्दल. सिरप गोड आणि दाट होण्यासाठी ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल वापरतात. शुद्ध असतील तर थोड्या प्रमाणात ते चालतात, सॉर्बिटॉलने फार तर शी पातळ होते. पण त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं तर मूत्रपिंडं निकामी होतात. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा ग्लिसरीनने चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये छिंदवाड्याची वीसहून अधिक चिमुकली खोकल्याच्या सिरपने गेली, त्यांतल्या कितीतरी मुलांवर नागपुरात उपचार चालले होते. ती व्हिटॅमिनची औषधं नव्हती. पण द्रव त्याच जातीचा असतो, आणि गरज नसताना घरात आणलेली प्रत्येक बाटली ही एक जादा शक्यता आहे. पावती आणि बॅच नंबर असलेलीच बाटली घ्या.

पालकांनी काय करावं हे सांगून माझं काम संपत नाही. तान्ह्या बाळाच्या ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची ताकद देशभर एकच ठेवावी, १ मिलीत ४०० युनिट. सोबतच्या ड्रॉपरमध्ये एका दिवसाच्या डोसपेक्षा जास्त औषध मावूच नये. ६०,००० युनिटांच्या बाटलीवर ‘लहान मुलांना स्वतःहून देऊ नये’ असं मराठीत, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावं. यातलं काहीच महाग नाही. औषध प्रशासनाने मनावर घेतलं तर पुढच्या छपाईपासून सुरू करता येईल.