आधीं खेडें दाखवा, मग डॉक्टर मागा

आमच्या वाचकांपैकीं एखाद्या सुखवस्तु गृहस्थास, ‘आपल्या वैद्यकी शिकणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें पुढें दवाखाना कोठें मांडावा?’ असें विचारलें, तर तो मुंबईचें, पुण्याचें किंवा निदान जिल्ह्याच्या गांवाचें नांव घेईल. खेड्याचें नांव त्याच्या तोंडीं सहसा येणार नाहीं. ह्याबद्दल आम्ही त्यास दोष देत नाहीं. जें कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं त्याचें भय वाटावें, हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु ज्याचे गुरु शहरांतले, ज्याचीं यंत्रें शहरांतलीं आणि ज्याच्या यशाच्या कल्पनाही शहरांतल्याच, अशा विद्यार्थ्यानें पदवी हातांत पडतांच खेड्याची वाट धरावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी?

सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें ह्या देशांतील शंभरांपैकीं सुमारें ६९ माणसें खेड्यांत राहत होतीं. सपाट मुलखांत ३०,००० व डोंगराळ किंवा आदिवासी मुलखांत २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, असें सरकारी प्रमाण ठरलेलें आहे. त्याप्रमाणें पुष्कळ ठिकाणीं इमारती उभ्याही राहिल्या. परंतु इमारत नाडी पाहत नाहीं. नाडी पाहणारा पाहिजे, आणि तो टिकला पाहिजे.

ह्यावर सरकारनें योजिलेला उपाय बंधपत्राचा होय. सरकारी महाविद्यालयांत शिकलेल्यानें ठराविक काळ सेवा करावी, न केल्यास दंड भरावा. लोकांच्या पैशानें शिकलेल्याकडून लोकांनीं कांहीं परत मागावें, हें आम्हांस मुळींच अन्यायाचें वाटत नाहीं. तथापि सक्तीनें वर्ष मिळतें, मन मिळत नाहीं. जो पहिल्या दिवसापासून सुटकेचे दिवस मोजतो, तो रोग्याचे दिवस काय मोजणार? इंटर्नशिपच्या वर्षांतही कांहीं आठवडे ग्रामीण केंद्रासाठीं राखलेले असतात. पण पुढील प्रवेशपरीक्षेच्या धाकानें कित्येकांचे ते आठवडे पुस्तकांत मान घालण्यांतच सरतात.

ही गोष्ट आजचीच आहे असें नव्हे. सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीनें सन १९४६ च्या आपल्या अहवालांत, समाजाची प्रकृति ओळखणारा वैद्य तयार व्हावा म्हणून तीन महिन्यांच्या स्वतंत्र शिक्षणाची शिफारस केली होती. सन १९७७ मध्यें प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयास तीन आरोग्य केंद्रें जोडून देण्याची योजनाही निघाली. हेतु उत्तम, परंतु मुलांनीं सकाळीं गाडींतून जावें आणि सायंकाळीं परत यावें, एवढ्यावरच काम भागलें कीं शिक्षणाची सहल होते. गाडीच्या खिडकींतून पाहिलेलें खेडें तें खेडें नव्हे.

मग खरा अनुभव कोणता? सेवाग्राम येथें सन १९६९ मध्यें डॉ. सुशीला नय्यर ह्यांनीं काढिलेल्या महाविद्यालयाकडे पाहावें. तेथील पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका खेड्यांत सुमारें पंधरवडाभर मुक्काम करितात. प्रत्येकाकडे कांहीं कुटुंबें सोंपविलेलीं असतात. त्यांचें पाणी, त्यांचें अन्न, त्यांचीं दुखणीं ह्यांची माहिती विद्यार्थी स्वतः घेतो, आणि पुढेंही त्यांचा संबंध राखतो. ज्या घरांतील म्हातारीनें हाक मारून चहा पाजला, त्या घराची नाडी परकी राहत नाहीं. सन २०२२ मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेंही कुटुंबें दत्तक घेण्याची पद्धति देशभर लागू केली, हें अभिनंदनीय होय. मात्र ती कागदांवर भरण्याची रीत होऊं नये.

खेड्यांत बुद्धि गंजते, असा एक समज सुशिक्षितांत आहे. त्यास कोंकणानें उत्तर दिलें आहे. महाड भागांत काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं लाल विंचवाच्या दंशानें माणसें कां दगावतात, हें रोग्यांच्या उशाशीं बसून शोधिलें. त्यांचें निरीक्षण सन १९८२ मध्यें ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात नियतकालिकानें छापिलें, आणि पुढें रक्तदाबावरील प्राझोसिन नांवाच्या औषधानें त्यांनीं कित्येकांस वांचविलें. हें ज्ञान शहरांतील वातानुकूल खोलींत हातीं लागलें नसतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, स्वतःहून खेड्यांत जाणाऱ्यांचा ओढा मुळांतच तिकडे असतो. अनुभवानें त्यांत काय भर पडते? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०१० मध्यें दोन्ही गोष्टी सांगितल्या: खेड्यांतून आलेल्या मुलांस प्रवेशांत प्राधान्य द्यावें, आणि सर्वच विद्यार्थ्यांस शिक्षणकाळीं ग्रामीण भागांत काम करावयास लावावें. तिनें चांगलें घर, सुरक्षितता व मुलाबाळांच्या शिक्षणाची सोयही आवश्यक मानिली आहे. अनुभव हा ओढा नसलेल्याचें भय घालवितो व असलेल्याचा निश्चय पक्का करितो. पण गळक्या निवासांत, औषधांवांचून आणि गुरूवांचून टाकिलेल्या तरुणास मिळणारा अनुभव त्यास कायमचा पळवून लावील.

आतां शेवटचें मागणें आमच्या वाचकांपाशीं आहे. व्यापारीमंडळींनो, आपल्या पेढीवरील धान्य, कापूस आणि गूळ कोठून येतो? ज्या हातांनीं तो पिकविला ते तापानें फणफणले असतां औषध मिळत नसेल, तर तो हिशेब आपल्याही वहींत मांडला पाहिजे. धर्मशाळा बांधणाऱ्या ह्या समाजास, आरोग्य केंद्राजवळ विद्यार्थ्यांसाठीं, विशेषतः विद्यार्थिनींसाठीं, चार नीटनेटक्या खोल्या बांधून देणें जड नाहीं. आणि आपलें मूल उद्यां ‘मी महिनाभर खेड्यांत राहून शिकणार’ असें म्हणेल, तेव्हां त्यास अडवूं नका. तें खेड्यांतच राहील कीं परत येईल, हें त्याचें त्यानें ठरवावें. परंतु खेडें न पाहतां ठरवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.