संकेतार्थ आणि आमचे ‘जर-तर’

स्पॅनिश शिकू लागलेले आमचे काही विद्यार्थी हल्ली आम्हालाच सुनावतात : तिकडचा संकेतार्थ किती सुटसुटीत, मराठीत नुसता गोंधळ! सुटसुटीतपणा आम्हालाही मान्य आहे. ‘आब्लार’ (बोलणे), ‘कोमेर’ (खाणे), ‘बिबिर’ (राहणे) या तिन्ही गणांतील नियमित क्रियापदांच्या मूळ रूपातले काहीही न तोडता त्याला इआ, इआस, इआ, इआमोस, इआइस, इआन हे सहा प्रत्यय जोडावेत, की झाले : आब्लारिआ, कोमेरिआ, बिबिरिआ. लिंगभेदाची कटकटही नाही.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. वहीत या रूपांसमोर एकच मराठी साचा असतो : ‘बोललो असतो’. काही ठिकाणी तो जुळतोही. पण मग ‘मे गुस्तारिआ’चे भाषांतरही ‘मला आवडले असते’ असे होते. मूळ वक्ता विनयाने इच्छा सांगत असतो. मराठी वाचकाला मात्र हुकलेल्या संधीचा सुस्कारा ऐकू येतो. तेथे हवे असते ‘मला आवडेल’, म्हणजे आपला साधा भविष्यकाळ. उलट ‘पाऊस पडला असता, तर पीक आले असते’ यात मराठी दोन्ही अंगांना संकेतार्थ वापरते. प्रमाण स्पॅनिशमध्ये ‘जर’च्या अंगाला ही ‘इआ’ची रूपे चालत नाहीत.

दोष त्या तक्त्याचा नाही, आम्हा मराठीच्या मास्तरांचा आहे. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचे. त्यानंतर शतक उलटले तरी आम्ही शिकवतो काय? ‘जर-तर’ दिसले की संकेतार्थ लिहा आणि गुण घ्या! ‘तो आला तर मी जाईन’ यातही ‘तर’ आहे. क्रियापदांची रूपे मात्र भूत आणि भविष्य काळांची आहेत. ‘ती असते’मधल्या मात्रेची वेलांटी होऊन ‘ती असती’ झाले, की असलेली व्यक्ती नसलेली होते. कथा-कवितेतील केवढे दुःख या एका वेलांटीवर तोललेले असते, हे किती वर्गांत सांगितले जाते?

२०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला. कुसुमाग्रजांच्या या नाशकात दर २७ फेब्रुवारीला आम्ही भाषेचा गौरव करतो. स्वभाषेची रूपे ज्याला उमगली नाहीत, त्याच्या हाती परभाषेचा तक्ता देऊन अनुवादक घडत नाही. ‘वेळ मिळाला असता, तर शिकवले असते’ एवढा एक संकेतार्थ मात्र आम्हा अध्यापकांना तोंडपाठ आहे.