विश्लेषण : गुगलला ‘मक्तेदार’ ठरवणारा न्यायाधीश नेमतो कोण?

फोनवर काही शोधायचे झाले की बोट आपसूक गुगलच्या चौकटीवर जाते. ती चौकट तिथे आधीपासूनच असावी यासाठी गुगलने फोन कंपन्या, ब्राउझर आणि दूरसंचार कंपन्यांना २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली. हा आकडा उघड झाला वॉशिंग्टनमधील एका न्यायालयात. तेथील न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गुगलची ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. खटल्यात ज्युरी नव्हती आणि खंडपीठही नव्हते. निकाल एकट्या मेहतांचा होता. एवढी ताकद असलेला हा माणूस त्या खुर्चीवर पोहोचतो कसा आणि त्यातून आपल्याला काय शिकता येईल?

कोण आहेत अमित मेहता?

मेहता यांचा जन्म १९७१ मध्ये गुजरातमधील पाटणचा. वर्षभराचे असताना ते आईवडिलांसोबत अमेरिकेत गेले. जॉर्जटाऊन विद्यापीठातून पदवी आणि १९९७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी एका अपील न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून काम केले आणि मोठ्या वकिली संस्थांतही उमेदवारी केली. २००२ मध्ये मात्र ते वॉशिंग्टनच्या सरकारी बचाव सेवेत गेले. वकील परवडत नाही अशा आरोपींचे खटले ही सेवा लढवते. तिथे पाच वर्षे काढून ते पुन्हा खासगी वकिलीत परतले. तेव्हा त्यांच्या अशिलांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे माजी प्रमुख डॉमिनिक स्ट्रॉस-कान यांच्यासारखी बडी नावेही होती. कफल्लक आरोपी आणि बलाढ्य अशील या दोघांचीही बाजू मांडलेला माणूस न्यायासनावर आला, हे या कारकिर्दीचे वेगळेपण.

नियुक्ती कशी होते?

अमेरिकेत ९४ संघीय जिल्हा न्यायालये असून तेथे न्यायाधीशांची सुमारे पावणेसातशे पदे आहेत. नाव ‘जिल्हा न्यायालय’ असले तरी आपल्या जिल्हा न्यायालयाशी त्याची तुलना नको. संघीय कायद्यांखालील मोठे खटले, अगदी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांना दिलेली आव्हानेही, आधी इथेच येतात.

न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट त्यावर मत देते. त्याआधी एफबीआय उमेदवाराची पार्श्वभूमी तपासते. सिनेटची न्यायविषयक समिती त्याच्याकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेते. लढवलेले दहा महत्त्वाचे खटले, मिळकत, लिहिलेले लेख, केलेली भाषणे, कोणत्या पक्षाच्या प्रचारात काम केले, असे सारे त्यात द्यावे लागते. ही प्रश्नावली बहुतांशी जाहीर होते. मग खुली सुनावणी होते आणि शेवटी मतदान. संबंधित राज्याच्या सिनेटरांची संमती घेण्याची प्रथाही आहे. त्यासाठी पाठवल्या जाणाऱ्या निळ्या चिठ्ठीवर सिनेटरने सही केली नाही, तर नियुक्ती अडून बसते. राजधानी वॉशिंग्टनला मात्र सिनेटरच नाहीत, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

ओबामांनी मेहतांचे नाव ३१ जुलै २०१४ रोजी सुचवले आणि १६ डिसेंबरला सिनेटने ते आवाजी मतदानाने मंजूर केले. हा सारा प्रवास साडेचार महिन्यांचा.

राजकारण्यांनी नेमलेला न्यायाधीश निष्पक्ष कसा?

अमेरिकी वृत्तपत्रे न्यायाधीशाच्या नावामागे ‘ओबामांनी नेमलेले’, ‘ट्रम्प यांनी नेमलेले’ असे शेपूट हमखास जोडतात. तो संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. नेमणुकीच्या मुळाशी राजकारण आहेच. पण मेहतांच्या निकालांवर नजर टाकली की हे शेपूट किती तोकडे आहे ते कळते. गुगलविरुद्धचा खटला ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांच्याच न्याय विभागाने दाखल केला होता. ओबामांनी नेमलेल्या न्यायाधीशाने तो सरकारच्या बाजूने निकाली काढला. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी उपाययोजनांचा निकाल देताना त्यांनी ‘क्रोम’ विकायला लावण्याची सरकारची मागणी फेटाळली. गुगलला एकाधिकाराचे करार करण्यास मनाई केली आणि शोधविषयक काही माहिती स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला. दोन्ही बाजूंना हवे ते सगळे मिळाले नाही.

याच मेहतांनी कॅपिटॉलवरील हल्ल्याच्या खटल्यात ‘ओथ कीपर्स’चा म्होरक्या स्टुअर्ट रोड्स याला १८ वर्षांची शिक्षा ठोठावली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ती कमी करून त्याला मोकळे केले. त्याने परवानगीशिवाय वॉशिंग्टनमध्ये येऊ नये, असा आदेश मेहतांनी काढला. न्याय विभागाने हरकत घेताच काही दिवसांतच त्यांनी तो मागे घेतला. राष्ट्राध्यक्षांचा अधिकार कुठे सुरू होतो आणि आपला कुठे संपतो, हे ओळखणे हाही न्यायाधीशाच्या कामाचाच भाग असतो.

खरे संरक्षण कशात आहे?

माझ्या मते नेमणूक कोणी केली यापेक्षा नेमणुकीनंतर काय होते, हे जास्त महत्त्वाचे. अमेरिकी संघीय न्यायाधीश तहहयात असतो. त्याचा पगार कमी करता येत नाही. त्याला हटवण्याचा मार्ग एकच, महाभियोग. आजवर १५ न्यायाधीशांवर तो चालला आणि फक्त आठ जण दोषी ठरून पदावरून गेले. वयाची ६५ वर्षे आणि पुरेशी सेवा झाली की काम हलके करूनही वेतन सुरू राहते. म्हणजे ज्याने नेमले, त्याच्याकडून पुढे काही मागायची पाळी येत नाही. अपील न्यायालयात बढती मिळावी ही आशा तेवढी उरते. ती पुन्हा राष्ट्राध्यक्षांच्याच हाती असते, आणि हे या व्यवस्थेतले छिद्र आहेच.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. न्यायवृंद पद्धतीमुळे निवडीत सरकारचा हात अमेरिकेपेक्षा कमी आहे. पण उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्यानंतर न्यायाधिकरणे, आयोग, राज्यपालपदे अशी सरकारने द्यायची दारे उघडी असतात. मधल्या काळात बदलीची टांगती तलवार वेगळीच. दार पुढून बंद करायचे आणि मागून उघडे ठेवायचे, असा हा प्रकार.

मग आपण काय घ्यावे?

तहहयात नेमणूक आपल्याला नको. सिनेटमधली पक्षीय कुस्तीही नको. घेण्याजोगी आहे ती जाहीर प्रश्नावली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी एका माजी पक्षप्रवक्त्या वकिलांच्या नावाची शिफारस झाली, तेव्हा महाराष्ट्रात वादाचा धुरळा उडाला. त्यांची वकिली कशी आहे, त्यांनी कोणते खटले लढवले, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही, कारण ती माहिती सामान्य वाचकासमोर नव्हतीच. पक्षाशी संबंध होता की नव्हता एवढ्यावरच भांडण अडले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये नियुक्त्यांची प्रक्रिया आणि न्यायाधीशांच्या मालमत्तेचे तपशील संकेतस्थळावर टाकले, हे पाऊल चांगलेच. पुढचे पाऊल म्हणजे प्रत्येक उमेदवाराची कारकीर्द, त्याच्याच शब्दांत, शिफारशीबरोबर जाहीर करणे. आणि निवृत्तीनंतर किमान दोन वर्षे सरकारी पद नाही, असा नियम करणे.

न्यायाधीश कोणाचा आहे, हा प्रश्न लोक विचारणारच. त्याचे उत्तर कुजबुजीतून मिळण्यापेक्षा कागदावरून मिळालेले केव्हाही बरे.