एका यंत्रावरची अनेक बिऱ्हाडे

जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, त्याप्रमाणे एकाच संगणकावर शेकडो संकेतस्थळे भाड्याने राहू शकतात. त्यांपैकी पुष्कळशी पीएचपी या भाषेवर चालतात. रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ साली ती लोकांच्या हाती दिली. प्रोग्रामला किती स्मृती मिळावी, केवढी फाइल स्वीकारावी, चूक घडल्यास ती पडद्यावर दाखवावी की नाही, हे नियम तिच्या मांडणीच्या फाइलीत लिहिलेले असतात. ते साऱ्या वाड्यास एकच असावेत, की प्रत्येक बिऱ्हाडाचे निराळे?

निराळे असावेत हे उघड आहे. पण त्याआधी भिंती निराळ्या हव्यात. पूर्वीची सर्रास रीत अशी की, पीएचपी अपाची सर्व्हरच्या पोटातच चालावयाची आणि सर्व भाडेकरूंचे प्रोग्राम एकाच वापरकर्त्याच्या नावाने धावावयाचे. मग एखाद्या दुकानदाराने आपल्या माहितीसाठ्याचा पासवर्ड ज्या फाइलीत ठेवला, ती शेजाऱ्याच्या प्रोग्रामलाही वाचता येई. त्यावर ‘सेफ मोड’ हा उपाय निघाला. फाइलीचा आणि प्रोग्रामचा मालक एकच आहे ना, हे पीएचपी स्वतः तपासू लागली. हा पहारेकरी दिंडीदरवाजावर नव्हे, एकाच जिन्यावर बसलेला होता! पर्लमध्ये लिहिलेला प्रोग्राम त्याच्या दृष्टीसही पडत नसे. हे काम भाषेचे नव्हे, हे अखेर तिच्या कर्त्यांनीच मान्य केले. २००९ च्या ५.३ आवृत्तीत सेफ मोड त्याज्य ठरला आणि २०१२ च्या ५.४ मध्ये तो काढून टाकण्यात आला.

त्याच ५.३ ने भाडेकरूस ‘.यूजर.आयएनआय’ ही स्वतःची नियम-फाइल दिली. पीएचपी सीजीआय वा फास्टसीजीआय पद्धतीने चालत असेल तरच ती वाचली जाते, आणि मूळ मांडणीत बदल लागू होण्यास ३०० सेकंदांपर्यंत वेळ लागतो. (हे ठाऊक नसलेला मनुष्य तीच ओळ दहादा खोडून लिहितो.)

तथापि या फाइलीने नियम मिळतात, भिंत मिळत नाही. भिंत संगणकाच्या कार्यप्रणालीनेच उभारावयास हवी. २०१० पासून पीएचपीबरोबर मिळणारा एफपीएम प्रत्येक भाडेकरूचे प्रोग्राम त्याच्याच खात्याच्या नावाने चालवू शकतो. तेव्हा कोठे पासवर्डाची फाइल इतरांस बंद करता येते. मालकाने ठरविलेल्या मर्यादाही प्रोग्राममधून ओलांडता येत नाहीत. यास स्मृती अधिक लागते, हा आक्षेप खरा. पण मागणी येईल तेव्हाच प्रोग्राम जागे करण्याची सोय एफपीएममध्ये आहे. भाडे भरण्यापूर्वी ग्राहकाने मालकास एवढे अवश्य विचारावे, की आपले प्रोग्राम कोणाच्या नावाने धावणार आहेत.