पावसांतील कोजागिरी

हवामान वाईट आहे, असें म्हणण्याचा अधिकार सर्वांस सारखा नसतो. पुणेकराचा जोडा भिजला म्हणजे त्यानें पावसाला खुशाल नांवें ठेवावीं. कडेगांवकरानें ठेवूं नयेत. आमचा तालुका पर्जन्यछायेंतला. ताकारी व टेंभू या योजनांनीं कृष्णेचें पाणी उचलून शिवारांत आणलें, त्यापूर्वीं येथील माणसानें आभाळाकडे पाहण्यांत जेवढा काळ घालविला तेवढा पोथीकडे पाहण्यांत घालविला असता, तर गांवांत घरोघर शास्त्री निपजते. असें असूनहि गेल्या कोजागिरीच्या संध्याकाळीं परतीच्या पावसाचे ढग डोंगराईच्या बाजूनें चढतांना पाहून आमच्या तोंडून "आजच कां?" असे शब्द निघून गेले. त्याचें कारण वाचकांस सांगितलें पाहिजे.

आमच्या गांवीं एक भजनी मंडळ होतें. चाळीस वर्षांपूर्वीं पांच-सहा तरुणांनीं तें उभें केलें. गाणारे बुवा, पखवाज वाजविणारे एक शेतकरी गृहस्थ, एक पेटीवाले आणि बाकीचे टाळकरी. अभंग सर्वांच्या पाठांतला, चाल ठरलेली. पण एकदां रात्र चढली, कीं बुवा एकाच चरणाशीं अर्धा-अर्धा तास खेळत राहात. ते कोठें जाणार हें त्यांचें त्यांनाहि ठाऊक नसे, आणि ते कोठेंहि गेले तरी समेवर पखवाज त्यांची वाट पाहात उभा असे. विटें, पलूस, कऱ्हाड येथून माणसें केवळ एवढ्यासाठीं मुक्कामास येत.

चौदा वर्षांपूर्वीं हें मंडळ फुटलें. पखवाजींच्या व तरुण टाळकऱ्यांच्या मनांत आलें, कीं कांहीं अभंग सिनेमाच्या चालींवर बसवावे, म्हणजे पोरें देवळांत येतील. बुवांनीं नाहीं म्हटलें. गोष्ट एवढीच होती. ती कदाचित् चार दिवसांत मिटलीहि असती. पण गांवांत शहाणीं माणसें असतात आणि त्यांना आपलें मत देण्याची घाई असते. अशा एका शहाण्या माणसानें भर बैठकींत सांगितलें, "ज्याच्या हाताला सिनेमाची चटक लागली, त्याच्या हातून देवाचा ठेका वाजावयाचा नाहीं." पखवाजी उठले, पखवाजाला गवसणी घातली आणि गेले. तो शहाणा माणूस म्हणजे आम्हीच. शाळेंत छत्तीस वर्षें निकाल लावण्याची संवय, ती निवृत्तीच्या वयांतहि सुटत नाहीं; तेव्हां तर आम्ही नोकरींत होतों.

पुढें दोन्हीं घरें समोरासमोर राहून अबोल झालीं. एकाच्या घरचें लग्न दुसऱ्यानें खिडकींतून पाहिलें. हा अबोला मोडला तो बुवांच्या धाकट्या सुनेनें. या मुलीनें सासरीं आल्यापासून मंडळाच्या गोष्टीच ऐकल्या होत्या. मंडळ ऐकलें नव्हतें. हळदीकुंकवाच्या निमित्तानें ती पखवाजींच्या घरीं जाऊं लागली, आणि दोन वर्षांच्या चिकाटीनें तिनें दोन्हीं म्हाताऱ्यांकडून एका रात्रीचा होकार मिळविला. ती रात्र कोजागिरीची. देवळाच्या अंगणांत, चांदण्यांत बैठक व्हावयाची, मसाल्याचें दूध व्हावयाचें, आणि चौदा वर्षांनीं तो पखवाज त्या गळ्याशेजारीं ठेवला जावयाचा. आतां "आजच कां?" या आमच्या उद्गाराची वाचक क्षमा करतील.

आठाच्या सुमारास पाऊस आला, तो बोट बोट जाडीच्या सरींनीं. अंगणांतल्या सतरंज्या भिजल्या, ताडपत्रीखालीं दुधाची कढई तेवढी वांचली. पाठोपाठ वीज गेली आणि ध्वनिक्षेपक मुका झाला. कार्यकर्ते एकमेकांकडे पाहूं लागले. आम्ही मनाशीं म्हटलें, आतां कोण येतें! हे दोघे पुन्हां घरोघर जातील, आणि हा योग परत येण्याइतकें वय कोणाचेंच उरलेलें नाहीं.

आणि माणसें येऊं लागलीं. कोणी छत्री घेऊन, कोणी खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन. पलूसकडचे एक वृद्ध गृहस्थ नातवाच्या मोटारसायकलवर चिंब होऊन आले, "गाणं चुकलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बायका कडेवर पोरें व पदराखालीं कंदील घेऊन आल्या. साठ-सत्तर माणसें त्या लहानशा सभामंडपांत गुडघ्याला गुडघा लावून बसलीं. अंगणांत बैठक झाली असती, तर बुवांच्या बाजूचे डावीकडे आणि पखवाजींच्या बाजूचे उजवीकडे बसावयाचे, हें ठरल्यासारखेंच होतें. पावसानें ती सोय ठेविली नाहीं.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायांत प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे. प्रयोगावर येणारे दैविक घात त्यांनीं मोजले आहेत: वारा, अग्नि, पाऊस, हत्ती, साप, मंडपाचें कोसळणें, फार काय मुंग्यासुद्धां! आणि जेथें गडबड नाहीं, क्षोभ नाहीं, उत्पात नाहीं आणि प्रेक्षागृह भरलेलें आहे, तेथें दैवी सिद्धि झाली असें समजावें, असें ते सांगतात. या वचनाप्रमाणें आमच्या सभामंडपांत घात पुरेपूर होता आणि सिद्धीचें एकच लक्षण, म्हणजे भरलेली सभा, तेवढें होतें. परंतु त्याच अध्यायांत भरतांनीं उत्तम प्रेक्षकहि सांगितला आहे: नट आनंदला म्हणजे जो आनंदतो आणि नट शोकांत असतां ज्याला शोक होतो, तो. आम्हांस त्या रात्रीं वाटलें, कीं पाऊस हा घात खरा. पण त्यानें भिजत आलेल्यांतून हा प्रेक्षक निवडून काढण्याचेंहि काम केलें होतें. कोरड्या रात्रीं कोण दुधासाठीं आला आणि कोण गाण्यासाठीं, हें कळणें कठीण असतें.

आतां बैठकीविषयीं. पखवाज हें चामड्याचें वाद्य. दमट हवेंत त्याची पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. पखवाजींनीं शेगडीची ऊब दिली, डाव्या अंगाची कणीक पुन्हां लाविली, हातोडीनें गठ्ठे ठोकले. सूर चढे आणि पांच मिनिटांत पुन्हां उतरे. कपाळावरचा घाम पावसाच्या पाण्यांत मिसळला. सभेंत कुजबूज सुरू झाली. चौदा वर्षांपूर्वींचे बुवा असते, तर "वाद्य लागत नसेल तर ठेवून द्या" असें म्हणण्यास त्यांनीं कमी केलें नसतें. त्यांनीं कंदिलाच्या उजेडांत एकदां पखवाजींच्या हाताकडे पाहिलें, मग पेटीवाल्याकडे वळून बोटानें खूण केली. पेटी काळी दोनवरून पांढरी दोनवर आली. वाद्य गळ्यापर्यंत चढत नव्हतें, तेव्हां गळा एक पट्टी उतरून वाद्याजवळ गेला.

हें ज्यांना कळलें त्यांच्यांतून एक हुंकार निघाला. ज्यांना कळलें नाहीं त्यांनाहि कांहीं तरी झाल्याचें कळलें. पुढचें वर्णन करण्याचें आमच्या लेखणीस सामर्थ्य नाहीं. आवाज पूर्वींचा राहिला नव्हता. वरच्या षड्जाला तो थरथरे, आणि थरथरला म्हणजे पखवाजी बोल दाट करून तो झांकून घेत. एके ठिकाणीं बुवांनीं सम सोडून दिली आणि तसेच पुढें गेले. आम्ही श्वास धरून बसलों. तीन आवर्तनांनंतर दोघे एकदमच आले आणि सारा मंडप उठून बसला. बाहेर पाऊस पडत होता. तो आहे याची आठवण गाणें थांबलें तेव्हांच झाली. दूध दीड वाजतां वाटलें. त्यांत थोडें पावसाचें पाणी गेलें होतें, पण कोणी तक्रार केली नाहीं.

ही हकीकत आम्हीं अमेरिकेंतील पुतण्यास कळविली. तो म्हणाला, "काका, असें वेड इकडेहि आहे." त्या देशांत 'जॅम बँड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वादकमंडळ्या आहेत, १९६५ सालीं कॅलिफोर्नियांत निघालेली 'ग्रेटफुल डेड' ही त्यांतील आद्य समजतात. गीत ठरलेलें, पण मध्यें वादक कोणत्या वाटेनें जातील हें ठरलेलें नसतें. म्हणून तेच श्रोते गांवोगांव त्यांच्या मागें जातात. व्हरमाँट संस्थानांत १९८३ सालीं निघालेल्या 'फिश' या मंडळीनें ऑगस्ट २००४ मध्यें कॉव्हेंट्री येथें निरोपाचा जलसा ठेविला. पावसानें मैदानाचा राडा झाला, मोटारी आंत घेणें अशक्य झालें, लोकांना परत जाण्यास सांगण्यांत आलें. तेव्हां शेंकडों श्रोते मोटारी हमरस्त्याच्या कडेला सोडून कित्येक मैल पायीं चालत गेले. त्या दिवसांचें वादन फारसें चांगलें झालें नाहीं, असें त्यांचे चाहतेच म्हणतात. तरीहि मार्च २००९ मध्यें तेच चौघे हॅम्पटन येथें पुन्हां एकत्र आले, तेव्हां श्रोते हजर होते. आमच्या साठ-सत्तर माणसांना हें सांगितलें, तर त्यांना त्यांत नवल वाटणार नाहीं.

मात्र श्रोत्यांच्या उत्साहाला दुसरी बाजू आहे. १९६९ च्या ऑगस्टमध्यें वुडस्टॉकच्या उत्सवांत पंडित रविशंकर यांनीं उस्ताद अल्लारखाँ यांच्या साथीनें पावसांत सतार वाजविली. पुढें ते म्हणाले, कीं चिखलांतील तो समुदाय पाहून आपणांस आपल्याकडील डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या! दुसऱ्या रात्रीं ओल्या रंगमंचावर 'ग्रेटफुल डेड'च्या वादकांना विजेचे झटके बसले. तेव्हां पावसांत बसणें हीच रसिकता, असें कोणीं समजूं नये. पंडित भीमसेन जोशी यांनीं १९५३ सालीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबर २०१४ मध्यें अवकाळी पावसामुळें पुढें ढकलला गेला आणि जानेवारी २०१५ मध्यें झाला. तें योग्यच झालें. महामारीमुळें पडलेल्या खंडानंतर डिसेंबर २०२२ मध्यें तो पुन्हां भरला, तेव्हांहि श्रोते परत आले. थांबणें ही देखील निष्ठाच आहे. भिजणें काय किंवा वाट पाहणें काय, दोहोंचा अर्थ एकच, कीं जें आज या ठिकाणीं या माणसांकडून घडणार आहे, तें दुसरीकडे मिळणार नाहीं, हें श्रोत्याला ठाऊक असतें.

एक गोष्ट सांगावयाची मुद्दाम मागें ठेविली आहे. दूध वाटतांना आम्ही पेला घेऊन पखवाजींकडे गेलों. चौदा वर्षांत आमचें त्यांच्याशीं बोलणें नव्हतें. त्यांनीं पेला घेतला आणि शांतपणें म्हटलें, "मास्तर, तुमचं त्या दिवशीचं वाक्य मला पाठ हाय. बुवांनी आज एक पट्टी उतरवली. तुमी काय उतरवताय?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्यानें जन्मभर मुलांना प्रश्न विचारले, त्याला एका शेतकऱ्याच्या प्रश्नापुढें खालीं पाहावें लागलें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरींहि असें एखादें वाक्य असेल: कोणीं तरी वडीलकीच्या भरांत उच्चारलेलें, बोलणारा विसरलेला आणि ऐकणाऱ्याला तोंडपाठ असलेलें. तें परत घेण्यासाठीं लोक चांगला मुहूर्त, निरभ्र आकाश शोधीत बसतात. तशी रात्र यावयाचीच असें नाहीं, आणि माणसें तर म्हातारीं होत असतात.

म्हणून आम्हीं चार माणसांत उच्चारलेलें तें वाक्य आम्ही येथें, चार हजार वाचकांच्या देखत, मागें घेत आहों. त्या हातून देवाचा ठेका वाजतो. आम्हीं तो कोजागिरीस भर पावसांत ऐकला. या महिन्याचा अंक हातीं पडला, कीं तो घेऊन आम्ही स्वतः त्यांच्या घरीं जाणार आहों. पाऊस असला तरी.