गळिताचे दिवस, पाहुणे पक्षी आणि सायकलवाले



गव्हाणीत मोळी पडली की आपल्या भागातल्या सगळ्या वाटा कारखान्याकडे वळतात. नेमक्या त्याच सुमाराला उत्तरेकडचे पाहुणे पक्षी नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर उतरतात. आणि गेल्या काही वर्षांत तिसरी एक मंडळी याच दिवसांत, याच रस्त्यांवर दिसू लागली आहे. डोक्याला शिरस्त्राण, अंगाला घट्ट कपडे आणि खाली बोटभर रुंदीच्या चाकाची सायकल. नाशिकहून अंधारात निघायचे, चांदोरी-सायखेड्याकडून नदीकाठच्या गावांतून चापडगावच्या मनोऱ्यापर्यंत यायचे, पक्षी बघायचे आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचे. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर होतात.

यांच्याबद्दल आपल्यात जे बोलले जाते ते फारसे कौतुकाचे नसते. "काम नाही यांना," इथपासून "ट्रॉलीखाली एखादा आला म्हणजे कळेल," इथपर्यंत. पहिले वाक्य सोडून द्या. दुसऱ्याबद्दल मात्र बोलले पाहिजे, कारण ट्रॉली आपली, ऊस आपला आणि त्या दिवशी रस्त्यावर उभे राहून उत्तर देण्याची पाळीही आपलीच असेल. माझे मत असे, की अभयारण्याभोवतीचे सायकलीचे रस्ते नीट ठरवून द्यावेत, आणि ते ठरवताना ऊसवाल्यांनी बाहेर न राहता पुढाकार घ्यावा.

आधी ही जागा काय आहे ते पाहू. पाटाच्या पाण्यावर ऊस काढणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी तो बंधारा पाहिला आहे? गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत, १९११ च्या सुमाराला, हा बंधारा उभा राहिला. गंगापूर-दारणेचे पाणी नदीतून इथवर येते आणि इथून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे जाते. त्या पाण्यावर मळे उभे राहिले, मळ्यांवर कारखाने आले. म्हणजे बंधारा बांधला तो शेतीसाठी, पाखरांसाठी नव्हे. पण शंभर वर्षांत नदीने आणलेला गाळ मागे साठत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना आयतेच घर मिळाले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. २०२० च्या जानेवारीत रामसर कराराच्या यादीत नाव आल्याचे जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिले. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत. थापट्या, तरंग, चक्रवाक, चमचे, शेकाटे आणि नशीब असेल तर रोहितही. जांभळी पाणकोंबडी तर काठाने हिंडताना सहज दिसते.

आता महिने मोजा. पक्षी नोव्हेंबर ते मार्च. गाळप तेच. सायकल चालवायला बरी हवा तीच. बरे, वेळसुद्धा एकच. रात्रभर भरलेली वाहने पहाटे काट्यावर नंबर लावायला निघतात आणि सायकलवाला पाखरे उडायच्या आत पोचायचे म्हणून पहाटेच निघतो. धुके नदीकाठी जास्त असते हे सांगायला नको. नाशिक-छत्रपती संभाजीनगर हमरस्त्यावरची वाहतूक नको म्हणून हे लोक गावच्या रस्त्याला वळतात, आणि गावचा रस्ता म्हणजे आपला उसाचा रस्ता.

या रस्त्यावर आपली वाहने कशी चालतात हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी हातहात बाहेर आलेला. मागच्या ट्रॉलीची लाल बत्ती हंगामाच्या पहिल्या आठवड्यात असते, पुढे वायर तुटते ती तुटतेच. वर टेप एवढ्या मोठ्याने लावलेला, की मागून मोटारीचा भोंगा ऐकू येत नाही, तिथे सायकलच्या घंटीची काय कथा! रस्त्यात पडलेला ऊस उचलायला कोणी थांबत नाही. शेतातून निघालेल्या चाकांचा चिखल डांबरावर सांडतो, त्यावर दव पडले की साबण लावल्यासारखे होते. जाड टायरची गाडी त्यातून निघून जाते, बोटभर चाकाची सायकल आडवी होते.

बैलगाडी आणि टायरगाडीची गोष्ट वेगळी. तिला दिवाच नसतो. गाडीवान बीडकडचा किंवा आणखी कुठला, दिवसभर कोयता चालवून रात्री गाडी हाकणारा. त्याला दोष देऊ नये. पण गाडीच्या मागे दोन लाल पट्ट्या चिकटवायला काय खर्च येतो?

कोणी म्हणेल, शहरातल्या हौशी लोकांसाठी एवढी काळजी कशाला? अहो, या रस्त्यावरचे खरे सायकलवाले नाशिकचे नाहीतच. ते आपल्या घरातले आहेत. सकाळी शाळेला निघालेल्या मुली, दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीला जाणारा म्हातारा, दारे धरायला चाललेला सालगडी. नाशिकवाला रविवारी येतो, शिरस्त्राण घालून आणि मागे लुकलुकता दिवा लावून. आपली पोर रोज जाते, दिव्याशिवाय. रस्ता पाहुण्यासाठी सुरक्षित केला तर तो तिच्यासाठीही होतो. हे एक कारण मला बाकी सगळ्या कारणांपेक्षा मोठे वाटते.

भरतपूरचे केवलादेव उद्यान पुष्कळांनी ऐकले असेल, नांदूरमधमेश्वरला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात तेच ते. तिथे आत पायी, सायकलीने किंवा सायकलरिक्षाने हिंडायचे, आणि रिक्षावाले स्थानिक. वर्षानुवर्षे पाहुण्यांना फिरवून त्यांना पाखरांची नावे तोंडपाठ झाली आहेत आणि त्यावर त्यांचे घर चालते. जर्मनी आणि पोलंडच्या सीमेवर ओडर नदीच्या खालच्या अंगाला १९९५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे नदीच्या बांधावरून लांब पल्ल्याचा सायकलमार्ग जातो. हिवाळ्यात कुरणांत पुराचे पाणी घेतात, उन्हाळ्यात त्याच कुरणांत गवत कापतात, गुरे चरतात. म्हणजे शेती, पूर, पाखरे आणि सायकल एकाच नदीच्या काठी नांदतात. आपल्याला जर्मनी व्हायचे नाही, पण अशक्यही काही नाही.

कालव्याच्या भरावावरून सायकली सोडा, अशीही एक सूचना ऐकू येते. ती मला पटत नाही. तो रस्ता पाटबंधारे खात्याचा, आवर्तन चालू असताना पाटकऱ्याच्या कामाचा. मुरमाचा आहे, पातळ चाकाला सोसणार नाही, आणि पाणी वाहत असताना एखादा घसरला तर काढणार कोण?

खरी शंका निराळीच आहे आणि ती पारावर उघड बोलली जाते. आज सायकल, उद्या अभयारण्याचे नियम, परवा आपल्या पाण्यावर बोट. ही भीती मुळीच खोटी नाही. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे शंभर चौरस किलोमीटर, त्यात गावे आणि शेती आली. शिवाय गाळाचा वाद आहेच. गाळ साठल्याने बंधाऱ्यात पाणी कमी मावते, म्हणून शेतकऱ्याला तो काढलेला हवा. उथळ पाणी हवे, म्हणून पक्षीमित्राला तो राहिलेला हवा. २०१६ आणि २०१९ च्या पुरात चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरले, त्यांचे म्हणणे आणखी तिसरे. हा वाद सायकलवाल्याने आणलेला नाही आणि त्याला रस्त्यावर अडवून तो मिटणारही नाही.

उलट त्याचा एक उपयोग आहे. नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीतून खाली येते आणि त्यावर पोसलेल्या पाणवेलीचा हिरवा गालिचा नदीवर पसरतो. ते पाणी आपल्या पाटात येते. शहरातला माणूस मोटारीतून काचा वर करून गेला तर त्याला वासही येत नाही. सायकलवाल्याला येतो! आपल्याच शहराची घाण चाळीस किलोमीटर खाली येऊन त्याने स्वतःच्या नाकाने हुंगली, तर उद्या नाशिकमध्ये याबद्दल बोलणारे चार जण वाढतील. आपण इथून ओरडून ते होत नाही.

मात्र पाहुण्यांनाही काही सांगावे लागेल. भरलेली ट्रॉली बाजूपट्टीवर उतरली की कलंडते, तेव्हा अरुंद रस्त्यावर थांबायचे ते सायकलने. चौघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत चालायचे नाही. उसाच्या शेतात शिरायचे नाही आणि फोटोसाठी पाखरे उठवायची नाहीत. आमच्या ड्रायव्हरने ओलांडताना तीन हात जागा सोडावी, आणि समोर वळण असेल तर मागेच राहावे.

येत्या हंगामाचे तोडणी-वाहतुकीचे करार होताना तीन गोष्टी त्यात लिहून घ्याव्यात, अशी संचालक मंडळाला विनंती आहे. प्रत्येक ट्रॉलीला आणि गाडीला मागे लाल, पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या परावर्तक पट्ट्या, आणि त्या नसतील तर काट्यावर नंबर नाही. चालत्या वाहनात टेप बंद. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या चाकांचा चिखल आणि सांडलेला ऊस त्याच दिवशी उचलण्याची जबाबदारी वाहतूकदाराची. नदीकाठच्या गटांतले शेतकी मदतनीस, वनखात्याचे लोक आणि सायकलवाल्यांचे चार प्रतिनिधी यांनी गाळप सुरू होण्यापूर्वी एकदा बसून रविवारच्या सकाळी कोणत्या रस्त्याने सायकली जातील ते ठरवावे, आणि त्या रस्त्याने त्या तीन तासांत भरलेली वाहने शक्यतो काढू नयेत. बाकीचे सहा दिवस शाळेच्या वेळेला काय करायचे, हे त्याच बैठकीत आधी घ्यावे.