लग्नपत्रिकेच्या पाकिटातील दुसरा कागद

लग्नपत्रिकेइतका काटेकोर मजकूर आपल्या घरात दुसरा लिहिला जात नाही. वर श्रीगणेश, त्याखाली कुलदैवत, मग वधूवरांची नावे, त्यांच्या आजोबांची नावे, आणि मुहूर्त तर मिनिटासह. शेवटी ‘अगत्य येण्याचे करावे’ आणि ‘कृपया आहेर आणू नये’. यातील एखादे नाव राहिले तरी कोणी ना कोणी रुसते, म्हणून घरातील चार माणसे तो मजकूर चार वेळा वाचून पाहतात.

परंतु हीच पत्रिका हाती घेऊन सांगलीचा किंवा अकोल्याचा पाहुणा दिल्लीच्या लग्नास निघाला की त्याच्या ध्यानात येते, की आपल्याला हवे ते हिच्यात काहीच नाही. कोणत्या स्टेशनावर उतरावयाचे? घ्यावयास कोणी येणार आहे काय? रात्रीचे जेवण किती वाजता? आपली झोपण्याची सोय कोठे? पत्रिका बोलावते, पोहोचवत मात्र नाही.

पूर्वी हे काम पत्रिकेचे नव्हतेच. घरचे माणूस अक्षत घेऊन दारी येई. गूळपाणी होईपर्यंत बोलणे निघे, आणि गाडी कोणती, बरोबर कोण, मुक्काम कोणाकडे, हे सारे ओघात सांगून होई. आता अक्षत देणारा घरी येत नाही, टपालाने पाकीट येते. त्याच्याबरोबर यावयाचे ते बोलणे मात्र मागेच राहून गेले आहे. पाकिटात पत्रिकेबरोबर जो दुसरा लहानसा कागद घालण्याची रीत अलीकडे पडली आहे, तो कागद म्हणजे हे राहून गेलेले बोलणे होय. तसे समजून लिहिला तर तो उपयोगी पडतो.

दिल्लीत त्याची निकड अधिक. येथे एका शहराला अनेक मोठी स्टेशने आहेत. पुण्याहून गोवा एक्सप्रेसने येणारा पाहुणा हजरत निजामुद्दीनला उतरतो. मुंबईहून पंजाब मेलने येणारा नवी दिल्लीला उतरू शकतो. तिकिटावर नुसते ‘दिल्ली’ असेल तर ते जुन्या दिल्लीचे स्टेशन. नवी दिल्ली स्टेशनालाही दोन तोंडे आहेत: एक पहाडगंजकडचे, दुसरे अजमेरी गेटकडचे. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूस आहे. घ्यावयास आलेला पुतण्या एका दाराशी आणि ट्रंकेसह काकू दुसऱ्या दाराशी, असे होऊ नये म्हणून ‘अजमेरी गेटच्या बाजूस बाहेर यावे’ एवढी ओळ पुरे. विमानाने येणाऱ्यासाठी टर्मिनलचा आकडाही हवा, कारण टर्मिनल 1 आणि टर्मिनल 3 ही शेजारची दारे नव्हेत.

पत्त्याची गोष्ट तशीच. ‘सेक्टर 12’ एवढेच लिहिले तर द्वारकेत सेक्टर 12 आहे, रामकृष्णपुरम्‌मध्ये आहे, नोएडात आहे, गुरुग्रामात आहे आणि फरीदाबादेतही आहे. ही गावे तीन वेगळ्या राज्यशासनांखाली येतात. महाराष्ट्र सदने सुद्धा दोन आहेत: जुने कोपर्निकस मार्गावर, आणि 2013 मध्ये उघडलेले नवे कस्तुरबा गांधी मार्गावर. म्हणून गावाचे नाव, जवळचे मेट्रो स्थानक आणि रिक्षावाल्याला सांगता येईल अशी एक ठळक खूण, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात.

यानंतर वेळ. येथे खरी गुंतागुंत होते ती सोयरीक दिल्लीकडच्या घराशी जुळली असेल तेव्हा. आपल्याकडे बहुधा दिवसाचा मुहूर्त, अक्षता पडल्या की पंगत. त्यांच्याकडे मंडळी रात्री जमतात आणि फेरे पुष्कळदा मध्यरात्रीनंतर होतात. अशा वेळी ‘14 तारखेस रात्री 1 वाजता’ असे छापले तर पाहुण्याने 13 ची रात्र समजावी की 14 ची? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, रेल्वेची तारीख मध्यरात्री. यासाठी ‘14 व 15 तारखांमधील रात्र’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे परतीचे तिकीट चुकीच्या दिवसाचे निघणार नाही.

शब्दही फसवतात. अनुवादाचे काम करणाऱ्यास हे रोज अनुभवास येते. हिंदीतील ‘बारात’ लग्नाआधी वराकडून निघते. आपली ‘वरात’ लग्न लागल्यावर नववधूला घेऊन घरी जाते. हिंदी पत्रिकेतील ‘बारात सायं 7 बजे’ याचे कोणी ‘वरात सायंकाळी 7 वाजता’ असे भाषांतर केले, तर मराठी पाहुणा समजेल की लग्न दुपारीच आटोपणार. ‘मिलनी’ म्हणजे दोन्ही घरच्या मंडळींची भेट, ‘उत्तरापेक्षी’ म्हणजे ज्यांना आपला होकार कळवावयाचा ते, असे दोन-चार शब्द चिठ्ठीत उलगडून सांगितले तर पाहुणे मांडवात परके होत नाहीत.

पण चिठ्ठीचे सर्वांत मोठे काम याहून वेगळे आहे. आपली माणसे भिडस्त असतात. मधुमेह असलेली मावशी ‘जेवण रात्री किती वाजता?’ असे कधी विचारणार नाही. विचारले तर लोक म्हणतील, लग्नाला आली की जेवायला! गुडघे दुखणारे तात्या ‘खोली कितव्या मजल्यावर?’ असे विचारणार नाहीत. स्टेशनापासूनच्या गाडीभाड्याचा प्रश्न तर कोणाच्या तोंडूनच निघणार नाही. आणि हे विचारण्याचा संकोच वाटला की माणसे ‘प्रकृती बरी नाही’ असे कळवून घरीच राहतात. आपण म्हणतो, म्हातारी माणसे आली नाहीत. खरे पाहता आपणच त्यांना येण्याजोगे काही कळवले नव्हते. पाहुण्याला जे विचारण्याचा संकोच वाटतो ते त्याने न विचारता सांगणे, यासाठीच हा कागद आहे. ‘सायंकाळी 7 वाजता साधे जेवण तयार असेल’, ‘खोल्या तळमजल्यावर आहेत’, ‘स्टेशनावरून नेण्याची व्यवस्था आमच्याकडे’: या तीन ओळी सोनेरी बॉर्डरपेक्षा मोलाच्या आहेत.

हवामानाचीही एक ओळ असावी. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचे रात्रीचे तापमान पुष्कळदा 10 अंशांच्या खाली जाते आणि धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. कोकणातल्या घरात लोकरीचे कपडे असतीलच असे नाही. ‘शाल-स्वेटर आणावे, कमी पडल्यास येथे पांघरुणे आहेत’ असे लिहिले की काम झाले. कार्तिकातील प्रबोधिनी एकादशीस, जिला इकडे देवउठनी म्हणतात, एकाच दिवशी शहरात असंख्य लग्ने असतात आणि रस्ते तुंबतात. त्या दिवशी निघण्याची वेळ आधीची सांगावी.

आता एक नाजूक बाब. काही घरांत वेगवेगळ्या पाकिटांत वेगवेगळे कागद घालतात: कोणाला हळदीपासून बोलावणे, कोणाला केवळ स्वागतसमारंभाचे. शहरात जागेची आणि खर्चाची अडचण असते, हे मान्य. परंतु दोन सख्ख्या जावांच्या हाती दोन निराळे कागद पडले, तर त्या कागदाची आठवण लग्नापेक्षा अधिक वर्षे टिकते. याकरिता एक नियम पाळावा. रात्रभर प्रवास करून जो येणार, तो सर्व कार्यांचा पाहुणा. त्याला संध्याकाळपुरते बोलावणे म्हणजे दिवसभर परक्या शहरात सोडून देणे होय. गावातल्या मंडळींना कमी कार्यांचे बोलावणे असेल, तर नात्याची एक पायरी धरून सर्वांना सारखेच असावे. चिठ्ठी सोय सांगण्यासाठी असते, पाहुण्यांची प्रतवारी लावण्यासाठी नव्हे.

होकार मागण्यात मात्र संकोच नको. 1960 च्या दशकात अन्नटंचाईमुळे कित्येक राज्यांत पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी आदेशाने मर्यादा घातली गेली होती. आज आपल्या घरची मर्यादा आपणच ठरवावयाची आहे. किती जण, कोणत्या गाडीने, केव्हा परत, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. ज्यांना फोनवर लिहिणे जमत नाही त्यांच्यासाठी पत्ता व तिकीट असलेले पोस्टकार्ड आत घालावे. फोनवर पत्रिका पाठवावयाची तर तिचे साधे छायाचित्र पाठवावे. लग्नपत्रिकेच्या नावाने फसवी फाइल पाठवून लुबाडण्याचे प्रकार घडत असल्याचा इशारा हिमाचल प्रदेश पोलिसांनी नोव्हेंबर 2024 मध्ये दिला होता. तेव्हा फोनवर आलेली अनोळखी फाइल न उघडणेच बरे.

छपाईविषयी थोडेसे. दिल्लीत पत्रिकांची मोठी बाजारपेठ चावडी बाजारात आहे. तेथील कारागिरांचा हात हिंदीला सरावलेला; ‘ळ’ त्यांना परका. त्यामुळे ‘काळे’ यांचे ‘काले’ आणि ‘हळद’ हिची ‘हलद’ होण्याचा संभव असतो. मुद्रित आपण स्वतः तपासावे, अक्षर मोठे ठेवावे. टपालखर्च वजनावर ठरतो, म्हणून दोन्ही कागद घालून वजन करावे आणि मगच तिकीट लावावे.

नमुन्यादाखल एक मजकूर देतो:

‘आपण निजामुद्दीन किंवा नवी दिल्ली स्टेशनावर उतरावे. गाडीचे नाव कळवल्यास घरचे माणूस डब्यापाशी येईल. मुक्कामाची व जेवणाची सोय आगमनापासून परतीपर्यंत आमच्याकडे आहे. खोल्या तळमजल्यावर आहेत. लग्न रात्री उशिरा लागेल. जेवण मात्र सायंकाळी 7 पासून मिळेल. ज्यांना लवकर निजावयाचे असेल त्यांना मुक्कामी पोहोचवण्यास गाडी तयार राहील. पथ्यपाणी असल्यास अवश्य कळवावे.’

यात अलंकार नाही, श्लोक नाही. परंतु एकट्याने राहणाऱ्या एखाद्या आत्याबाईने हा कागद चष्मा लावून वाचला, तर ती त्याच संध्याकाळी शेजारच्या मुलाला तिकीट काढावयास सांगेल. आपल्या घरी कार्य निघाले असेल, तर पत्रिकेचा मजकूर ठरवण्यास बसाल त्याच दिवशी हाही कागद लिहून काढा, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाला वाचून दाखवा. त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर त्यात घाला.